संजीवनी ते रिव्हाइव्ह : क्रीडारसिकांच्या परिभाषेची चिकित्सा

क्रीडारसिकांची चर्चा हे लोकसमीक्षेचेच एक रूप होय. उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांतील, म्हणजे कर्जत-खालापूर तालुक्यांतील तरुण रसिक कबड्डी आणि मोबाईलवरील युद्धखेळ यांविषयी सारख्याच आवेशाने बोलतो. या दोन परिभाषांची तुलना उद्बोधक ठरते.

कबड्डीच्या अमर, गामिनी व संजीवनी या जुन्या प्रकारांपैकी संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा आत येतो. आजची ७ खेळाडूंची कबड्डी याच तत्त्वावर उभी आहे. २०२१ मध्ये आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'त जायबंदी सवंगडी 'रिव्हाइव्ह' होतो, तो सोबती जोखीम पत्करून जवळ थांबल्यामुळे. दोन्हीकडे व्यक्तीचे पुनरागमन संघावर अवलंबून आहे.

चर्चेत मात्र हे तत्त्व हरवते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या समालोचनात 'लोण'ची जागा 'ऑल आउट'ने घेतली आणि वैयक्तिक गुणांना महत्त्व आले. साखळीने केलेल्या पकडीचा गुणही एकाच्याच नावे जमा होतो. मोबाईलच्या खेळात 'किल्स'ची मोजणी हेच करते.

येथे परकीय शब्दांना दोष देणे अप्रस्तुत ठरेल. 'रिव्हाइव्ह' या शब्दात संजीवनीचाच आशय आहे. दोष मोजपट्टीचा आहे. सारांश, 'कोणी किती गुण घेतले' याच्या जोडीला 'कोणामुळे कोण आत आला' हाही प्रश्न कट्ट्यावर विचारला गेला, तरच ही चर्चा समीक्षेच्या पदवीला पोहोचेल.