दृश्यदर्शकात काय दिसावे?

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा आणि लोलक यांच्यामार्फत समोरचा प्रकाशच डोळ्यापर्यंत येई. पॅनासॉनिक जी-१ या कॅमेऱ्यापासून (२००८) रूढ होत गेलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात आपण पाहतो तो एक चिमुकला पडदा. त्यावर काय दिसावे हे मेनूत जाऊन ठरवता येते. ही सोय चांगली, पण तिची मांडणी सदोष आहे.

उदाहरणार्थ, उमरग्याच्या जुन्या महादेव मंदिराची नोंद करायची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या या तालुक्यात भिंत कलली आहे काय, हा प्रश्न पोकळ नाही. शिखर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा वर उचलला, की सरळ भिंतीही वरच्या टोकाला जवळ आलेल्या दिसतात. येथे उपयोगी पडते ती पडद्यावरची पाणसळ. गुरुत्वाची दिशा ओळखणारा संवेदक कॅमेऱ्याचे दोन्ही कल दाखवतो. एवढी मोलाची खूण मेनूच्या तळाशी, आणि बॅटरी, चित्रसंख्या यांची गर्दी मात्र डोळ्यासमोर, असा प्रकार अनेकदा आढळतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दृश्यदर्शकाचा उजळपणा वाढवला तरी छायाचित्र उजळत नाही, पण डोळा फसतो. म्हणून काळा दगड आणि लख्ख आकाश एकत्र असताना प्रकाशाचा स्तंभालेख चालू ठेवावा. तोही बहुतेक कॅमेऱ्यांत प्रक्रिया केलेल्या चित्रावरून काढलेला असतो, संवेदकाच्या मूळ नोंदीवरून नव्हे. हे पडद्यावर कोठेही सांगितलेले नसते.

जाहिरातीतले आकडेही तपासून घ्यावेत. ‘३६.९ लाख ठिपके’ म्हणजे १२८० × ९६० चित्रबिंदू. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मोजले, की संख्या तिप्पट होते!

आपल्या कामासाठी पाणसळ, जाळी आणि स्तंभालेख एवढेच ठेवावे, बाकीचे बंद करावे. मग विद्यार्थ्यांना शाळेच्या भिंतीलगत ओळंबा सोडायला सांगावे. एक छायाचित्र पाणसळ शून्यावर ठेवून, दुसरे कॅमेरा वर उचलून घ्यावे. दोरी आणि भिंत दोन्ही सारख्याच तिरक्या दिसल्या तर दोष कॅमेरा धरण्यात आहे; दोहोंत कोन दिसला तर भिंतीत. भिंत आपल्या दिशेने कललेली असेल तर समोरून ते कळणार नाही, म्हणून बाजूनेही एक छायाचित्र घ्यावे. साधनाने दाखवलेले आणि प्रत्यक्ष असलेले यांतला फरक यातून मुलांच्या हाती येतो.