फाटकावरची घंटा : ‘बानवेर्टर टील’मधील नोकरी आणि कुटुंब

गेरहार्ट हाउप्टमान यांची ‘बानवेर्टर टील’ ही दीर्घकथा १८८८ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी लेखकाचे वास्तव्य बर्लिननजीकच्या एर्कनर येथे होते. कथेतील पाइनचे अरण्य आणि श्प्रे नदीकाठची वस्ती त्याच परिसरातील होय. जर्मन निसर्गवादाची आरंभीची महत्त्वाची कृती म्हणून तिचा निर्देश होतो. आगगाडी म्हणजे माणसाला चिरडणारे यंत्र, हा तिचा रूढ अन्वयार्थ. तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

टील हा जंगलातील रेल्वे फाटकावरचा पहारेकरी. पहिली पत्नी मिना बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या टोबिआसचा सांभाळ व्हावा म्हणून त्याने लेनेशी दुसरा विवाह केला. लेनेला स्वतःचे मूल होताच टोबिआसच्या वाट्याला मार आणि हेळसांड येते. धाकट्या भावंडाला घेऊन हिंडणे हेच त्याचे बालपण. एकदा विसरलेली शिदोरी घेण्यास टील घरी परततो, मुलाला होणारी मारहाण स्वतः ऐकतो आणि शिदोरी उचलून निमूटपणे कामावर जातो. कथेतील पहिला अपघात हाच, रुळांवरचा त्यानंतरचा.

टीलने आयुष्याची वाटणी केली आहे. घर लेनेचे, चौकी मिनाची. रात्रपाळीत तो मृत पत्नीचे छायाचित्र समोर ठेवून प्रार्थना करतो. ही वाटणी मोडते ती एका सामान्य व्यावहारिक गोष्टीने : चौकीलगतचा जमिनीचा तुकडा त्याला कसण्यास मिळतो आणि बटाटे लावण्यासाठी लेने मुलांसह तेथे येते. गरिबाच्या संसारात एवढ्या जमिनीचे मोल किती, हे मराठी वाचकास सांगावयास नको. लेने खणत असताना टोबिआस एक्स्प्रेसखाली सापडतो.

यानंतरचा प्रसंग समीक्षेत दुर्लक्षित राहिला आहे. जखमी मुलाला गाडीतून नेले जाते. सोबत लेने जाते. बाप मागे राहतो, कारण पहारा सोडता येत नाही. तान्हे मूल रडू लागते आणि टीलची बोटे त्याच्या गळ्याभोवती आवळतात. तेवढ्यात येणाऱ्या गाडीची सूचना देणारी घंटा वाजते व तो भानावर येतो. ज्या नोकरीने त्याला मुलापासून दूर ठेवले, तिचीच घंटा येथे एक जीव वाचवते. त्याच रात्री तो लेने आणि तान्ह्याची हत्या करतो, ती घरात. तेथे कोणतीही घंटा नाही. यंत्राला सैतान ठरविणाऱ्या अन्वयार्थाला या फरकाचे उत्तर देता येत नाही.

लेनेबाबत मात्र हाउप्टमान यांचा हात आखडता आहे. तिचे धिप्पाड शरीर आणि कर्कश आवाज यांपलीकडे निवेदक क्वचितच जातो. तिच्या कष्टांची नोंद होते, मनाची नाही. अपवाद अखेरच्या काही पानांचा. टोबिआसच्या मृत्यूनंतर ती पार बदलते, बेशुद्ध पतीची शुश्रूषा करते आणि थकून झोपी जाते. त्या झोपेतच तिचा अंत होतो.

दुसऱ्या दिवशी टील अपघाताच्या जागी रुळांवर बसलेला आढळतो, हातात टोबिआसची टोपी. तो हटत नाही, म्हणून एक्स्प्रेस थांबवावी लागते.