कोकणवर्णनातील सड्याचे विस्मरण

मराठीतील कोकणवर्णनाचा एक साचा सिद्ध झालेला आहे. नारळी-पोफळीची आगरे, कौलारू घरे, खाडीतील होड्या, पुळणीवर फुटणाऱ्या लाटा, सुवर्णदुर्गासारखा एखादा जलदुर्ग आणि गणपतीपुळ्यासारखे समुद्रकाठचे देवस्थान, एवढी सामग्री जमली की वर्णन पुरे झाले, असे लेखक व वाचक दोघेही मानतात. या साच्यावर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा की, तो फार गोड आहे. कोकणचे दारिद्र्य त्यात दिसत नाही. हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. साच्यातील मुख्य उणीव भावनेची नसून भूगोलाची आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पदोपदी आढळणारा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे, सपाट पठार, या वर्णनात जवळजवळ नाहीच.

स्थानिक बोलीची साक्ष मात्र याच्या उलट आहे. एकाच खडकासाठी तिच्यात चार निरनिराळी नामे नांदतात. ‘जांभा’ हे द्रव्याचे नाव, ‘कातळ’ हे उघड्या पृष्ठाचे, ‘चिरा’ हे खाणीतून कापून काढलेल्या ठोकळ्याचे आणि ‘सडा’ हे भूप्रदेशाचे. ही नामे परस्परांची पर्यायी नाहीत. घर चिऱ्याचे बांधतात, कातळाचे नव्हे; गुरे सड्यावर चरायला जातात, जांभ्यावर नव्हे. दगड रचून घातलेल्या कुंपणाला ‘गडगा’ आणि दगडी पायऱ्यांच्या वाटेला ‘पाखाडी’ म्हणतात, तेव्हा हाच शब्दसमूह विस्तार पावतो. रत्नागिरीजवळील सडामिऱ्या हे ग्रामनाम सड्याची स्मृती आजही वागवीत आहे. जिथे बोलीने इतकी बारीक वर्गवारी केली, तिथे साहित्यिक वर्णन ‘ओसाड’, ‘रखरखीत’, ‘खडकाळ’ अशा विशेषणांवर भागवते. विशेषण पाहणाऱ्याची प्रतिक्रिया सांगते. नाम वस्तूचे अस्तित्व मान्य करते. सड्याला वर्णनात विशेषणे मिळाली, नाम मिळाले नाही.

असे का झाले, याचे एक कारण पाहणाऱ्याच्या वाटेत सापडते. मुंबईहून कोकणात जाण्याचा मार्ग दीर्घकाळ आगबोटीचा होता. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती 1998 साली. समुद्रावरून प्रथम दिसते ती किनाऱ्याची हिरवी पट्टी. दुसरे कारण स्मृतीचे. चाकरमानी गावाची आठवण काढतो ती घराची, आगराची आणि देवळाची. आणि वस्ती बहुधा सड्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या आश्रयाने वसलेली असते. माधव केशव काटदरे यांच्या ‘हिरवे तळकोकण’ या कवितेचे शीर्षकच या दृष्टीचे सूत्र सांगते: प्रदेश तळाचा आणि रंग हिरवा. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांनी शोभावर्णनाची ही रीत मोडली, हे श्रेय त्यांना द्यावेच लागते. ‘गारंबीचा बापू’ (1952) किंवा ‘तुंबाडचे खोत’ (1987) यांतील निसर्ग देखावा म्हणून टांगलेला नाही; तो माणसांच्या हट्टांशी व व्यवहारांशी बांधलेला आहे. तथापि, ‘तुंबाडचे खोत’चे केंद्र जगबुडी नदीच्या काठीच आहे. दृष्टी बदलली, पण पाहणारा उभा राहिला तो तळालाच.

यावर असे म्हटले जाईल की, ललित लेखक म्हणजे भूमापक नव्हे. निवड हा त्याचा अधिकार आहे. हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु एक लेखक जे गाळतो ती निवड. पिढ्यान् पिढ्या सर्वच जे गाळतात ती भाषेची सवय होय. आणि सवयीचे परिणाम साहित्यापुरते मर्यादित राहत नाहीत.

वस्तुतः सडा रिकामा नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना पुरवठा होतो. ज्या आगराचे कौतुक साहित्याने केले, त्याचा ओलावा अंशतः या दुर्लक्षित पठाराचा आहे. वैशाखात काळवंडलेल्या याच कातळावर श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांसारखी इवली फुले पसरतात. कातळात सुरुंग लावून खड्डे खणावयाचे आणि त्यांत माती भरून हापूसची कलमे लावावयाची, ही येथील शेतकऱ्याची करामत आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रागैतिहासिक मानवाने आपली कातळशिल्पे याच पृष्ठावर कोरली. उक्षी, जांभरूण, काशेळी, बारसू इत्यादी महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत 2022 साली समावेश झाला. म्हणजे या प्रदेशाचे उपलब्ध असलेले एक अतिप्राचीन ‘वर्णन’ सड्यावरच आहे. अर्वाचीन वर्णनातून मात्र सडाच गळाला आहे.

महसुली दप्तरात लागवडीस निरुपयोगी भूमीला ‘पोटखराबा’ म्हणतात. साहित्याचे ‘ओसाड’ आणि दप्तराचे ‘पोटखराबा’ हे दोन शब्द भिन्न हेतूंनी योजलेले असले, तरी त्यांचा निष्कर्ष एकच निघतो: येथे काही नाही. 2023 साली बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले व त्यास ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा वादाच्या मुळाशी हाही एक प्रश्न होता की, हा सडा पडीक की वापरातला. प्रकल्पाच्या इष्टानिष्टतेचा निर्णय देणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना मराठी साहित्य साक्षीला उभे राहू शकत नाही, हे नोंदविणे तिचे काम आहे. साताऱ्याजवळील कासचे पठारही जांभ्याचेच. 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली आणि आता ते प्रेक्षणीय ठरले आहे. सड्याला असे प्रेक्षणीयत्व मिळावे, ही अपेक्षा येथे नाही. तसे झाल्यास साच्यात एका चित्राची भर पडेल, इतकेच. अपेक्षा एवढीच की, बोलीने ज्याला नाम दिले त्याला ग्रंथभाषेने केवळ विशेषणावर बोळवू नये.