कावळा कुणाचा?

चार वर्षांपूर्वी मला डाव्या खांद्यावर कावळा गोंदवून घ्यायचा होता. आपला, पिंडाला शिवणारा नव्हे. हायडा लोकांच्या गोष्टींतला मोठा डोमकावळा; जग काळोखात असताना खादाडपणा आणि लबाडी करत का होईना, उजेड चोरून आणणारा.

तो मला पहिल्यांदा भेटला व्हँकुव्हरच्या विमानतळावर. कंपनीच्या कामाचे तीन आठवडे संपवून परत निघालो होतो आणि समोर बिल रीड यांचं हिरवट ब्राँझचं शिल्प आलं. एका होडीत माणसं आणि प्राणी दाटीवाटीने बसलेले, लांडगा गरुडाच्या पंखाला चावतोय, गरुड अस्वलाच्या पंजाला, आणि सुकाणूवर डोमकावळा. भांडणं चालू आहेत, पण होडीही चालू आहे. आमच्या प्रोजेक्टची आठवण झाली आणि हसू आलं. मग हसू थांबलं आणि मी नुसता बघत उभा राहिलो.

पुण्यात आल्यावर टॅटूवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे ‘हायडा’ नावाचं फोल्डर तयारच होतं. मी एक कावळा निवडला, आगाऊ पैसे भरले. गोंदवायचं तर काय गोंदवतोय ते कळायला हवं, म्हणून एक पुस्तक मागवलं. तिथे सगळं बिनसलं.

पुस्तक होतं बिल होल्म यांचं ‘नॉर्थवेस्ट कोस्ट इंडियन आर्ट : अ‍ॅन अ‍ॅनालिसिस ऑफ फॉर्म’, १९६५ सालचं. होल्म स्वतः हायडा नव्हते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा आणि त्यांच्या शेजारी जमातींच्या पेट्या, वाडगे, पडदे अशा शेकडो जुन्या वस्तू त्यांनी बारकाईने तपासल्या, त्यांची वैशिष्ट्यं पंचकार्डांवर नोंदवली आणि त्यातून या चित्रकलेचं व्याकरण मांडलं. आज सगळीकडे वापरले जाणारे ‘फॉर्मलाइन’ आणि ‘ओव्हॉइड’ हे शब्द या पुस्तकामुळेच रूढ झाले.

इंजिनिअरला वेड लागावं असंच हे पुस्तक आहे. मुख्य रेषा बहुतेकदा काळी. ती फुगते, निमुळती होते, पण तुटत नाही. सगळं चित्र एका जाळ्यात बांधून ठेवते. दुय्यम रेषा लाल. तिसऱ्या थरावर निळा-हिरवा. डोळे आणि सांधे ओव्हॉइडचे, म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या आयताचे; त्याची वरची कड ताणून फुगलेली, खालची किंचित आत दबलेली. पिसं, कान, शेपट्या यू-आकाराच्या. इतकं वाचल्यावर मी दुसरं काय करणार? दोन रात्री जागून पायथनमध्ये ओव्हॉइड काढणारा प्रोग्रॅम लिहिला. आकार आले, पण मेलेले. जुन्या पेटीवरचा ओव्हॉइड आतून कुणीतरी दाबल्यासारखा ताणलेला दिसतो. माझे ओव्हॉइड मोबाइल अ‍ॅपच्या बटणांसारखे दिसत होते. होल्म यांनी स्वतः हातात ब्रश आणि सुरी धरून ही कला शिकून घेतली होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो हात नव्हता.

पण हातापेक्षा मोठी गोष्ट या पुस्तकाबाहेर आहे, आणि होल्म ती जाणूनबुजून बाहेर ठेवतात. शीर्षकातच त्यांनी ‘फॉर्म’ म्हटलंय. रेषा कशी वळते हे ते सांगतात. ती कुणाची आहे, हे नाही.

गोंदणाबद्दल वाचायला लागलो तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. १८७३ साली जेम्स स्वॉन या अमेरिकी लेखकाने पोर्ट टाउनसेंडला आलेल्या हायडा मंडळींच्या छाती-हातापायांवरची गोंदणं पाहून रेखाटली, आणि पुढच्या वर्षी ती स्मिथसोनियनने छापली. ती चित्रं शोभेची नाहीत, कुलचिन्हं आहेत. हायडा समाजाच्या दोन बाजू, डोमकावळा आणि गरुड. लग्न पलीकडच्या बाजूत करायचं आणि मूल आईच्या बाजूचं. प्रत्येक बाजूत घराणी, आणि प्रत्येक घराण्याकडे चिन्हांचे हक्क. आपल्याकडे एक देवक असलेल्या कुळांत सोयरीक होत नसे, ते आठवलं की थोडा अंदाज येतो. घर बांधल्यावर यजमान पोटलॅच, म्हणजे दानाचा मोठा सोहळा करत. त्यात मुलांच्या अंगावर चिन्हं गोंदली जात आणि जमलेले पाहुणे त्या हक्काचे साक्षीदार होत. म्हणजे त्वचेवरची ती नोंदणीच होती.

एक तपशील मला अजून आठवतो. डोमकावळ्याच्या नावाने समाजाची अर्धी बाजू ओळखली जाते, पण कुलचिन्ह म्हणून डोमकावळा आहे गरुड बाजूच्या घराण्यांकडे. माझा प्रोग्रॅम हजार वर्षं चालवला असता तरी हे त्याला सापडलं नसतं.

त्याच सुमारास गावी गेलो आणि आजीला मोबाइलवर डिझाइन दाखवलं. तिच्या हातावर तुळस आहे, हनुवटीवर तीन ठिपके. तिने स्क्रीन डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि विचारलं, “चांगलंय रे, पण हे कुणाकडचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘इंटरनेटवरचं’ म्हणायची लाज वाटली.

यावर उलटा युक्तिवाद मी स्वतःशी भरपूर केला. हायडा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आर्जिलाइट या काळ्या दगडात कोरून परक्या खलाशांना वस्तू विकत आले आहेत. चार्ल्स एडनशॉसारखा थोर कलावंत विकण्यासाठी चांदीची कडी घडवत होता. आजही हायडा कलावंत प्रिंट्स विकतात. मग माझ्या खांद्यानेच काय पाप केलंय?

फरक मला असा दिसतो : विकायला काय काढायचं, हे तिथे हायडा ठरवतात. आणि हा ठरवण्याचा हक्कच त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता. १८६२ नंतरच्या देवीच्या साथींनी गावंच्या गावं ओस पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडा ग्वाय बेटांवर जेमतेम सहाशे हायडा उरले होते. १८८५ पासून १९५१ पर्यंत कॅनडाच्या कायद्याने पोटलॅचवर बंदी होती. गोंदण ज्या सोहळ्यात व्हायचं तो सोहळाच गुन्हा ठरला. १९६९ साली एडनशॉच्या पणतवाने, बावीस वर्षांच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी, मॅसेट गावात कोरीव खांब उभारला, तेव्हा तिथे असा खांब उभा राहून कित्येक दशकं उलटली होती. ज्या कावळ्याला एवढ्यातून परत यावं लागलं, तो मी फोल्डरमधून उचलणार होतो.

मग मी पुस्तकांकडेच परतलो. रीड आणि कवी रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांचं ‘द रेव्हन स्टील्स द लाइट’ (१९८४) मिश्कील, सुरेख पुस्तक आहे. पण त्यात रीड यांची रेखाटनं गोष्टींच्या शेजारी मानाने बसलेली वाटतात. गोष्ट वाचताना चित्र थांबतं आणि चित्र पाहताना गोष्ट. मायकल निकोल याहगुलानास यांच्या ‘रेड : अ हायडा मांगा’ (२००९) या पुस्तकात ही फट मिटते. बहिणीला लुटारूंनी पळवून नेलेला मुलगा मोठा होऊन म्होरक्या होतो आणि सूडापायी गावालाच संकटात ओढतो, अशी ही गोष्ट. नेहमीच्या कॉमिक्समधल्या पांढऱ्या सरळ पट्ट्यांऐवजी इथे चौकटी आखते ती जाड, काळी, वळणारी फॉर्मलाइन. पात्रं तिला धरतात, तिच्यावर रेलतात. वाट कधीकधी चुकते; आधी कुठली चौकट वाचायची ते कळत नाही, आणि दोन-तीन ठिकाणी मी खरोखर वैतागलो. पण शेवटी सगळी पानं एकत्र दाखवलेली आहेत, आणि तिथे कळतं की पानापानावरची काळी रेषा एकाच भिंतभर चित्राची आहे. आपण एवढा वेळ एका प्रचंड आकाराच्या आत फिरत होतो. होल्म यांनी सांगितलेला न तुटणारी रेषा हा नियम इथे कथानक होतो : एकाने केलेलं सगळ्यांपर्यंत पोचतं.

लेखक पुढे सुचवतो, दोन प्रती घ्या, पानं फाडा आणि ते चित्र स्वतः जुळवा. पुस्तक फाडायचं म्हणजे पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाची परीक्षाच. दुसरी प्रत मागवली, तरी सहा महिने धीर झाला नाही. शेवटी एका रविवारी फाडली.

टॅटूवाल्याने आगाऊ पैसे परत केले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. खांदा कोरा आहे. कावळा मला अजूनही तितकाच आवडतो. भाड्याच्या घराच्या भिंतीवर फाडलेली पानं चिकटवली आहेत. काही ठिकाणी रेषा जुळत नाहीत, माझी कात्री वाकडी चालली. आता कुणी विचारलं, हे कुणाकडचं, तर नाव सांगता येतं.