फॉगची चुकलेली बोट

ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ (१८७३) आम्ही भूगोलाच्या नजरेने पुन्हा वाचली. फॉग सतत पूर्वेकडे जातो. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३६० अंशांना २४ तास. म्हणून त्याच्यापुरती ८० वेळा दुपार होते, तेव्हा लंडनमध्ये ७९ वेळाच. हे गणित चोख आहे. पण पॅसिफिक ओलांडताना त्याने तारीख मागे घेतलेली नाही. न्यूयॉर्कला ११ डिसेंबरची बोट पाऊण तासाने चुकते म्हणे! त्याच्या हिशेबातली ११ तारीख तिथली १० होती. बोट धक्क्यालाच हवी. शेवटच्या चमत्कारासाठी व्हर्नने वाटेतली कॅलेंडरे झाकली. पुस्तक तरीही वर्गात वाचावेच. ही चूक मुलांनी शोधली, तर वाररेषा पाठ करावी लागणार नाही.