मंजुळेचा संताप काढून घेतलेल्या यंत्रसख्या

कृत्रिम सोबतीवरच्या कलाकृतींचं पीक आलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी मला वैताग आणला आहे. अंधारी खोली, पडद्यावर देखण्या बाईचा चेहरा, मागे एखाद्या कंपनीचा तयार चॅटबॉट. प्रेक्षक काहीतरी विचारतो, ती गोड आवाजात उत्तर देते, आणि ‘यंत्राला प्रेम करता येईल का?’ एवढं विचारून माहितीपत्रक मोकळं होतं. या सोबतीसाठी राबतं कोण आणि ती नेहमी बाईच्याच आवाजात का बोलते, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकन कलावंत लिन हर्शमन लीसनने ते चाळीस वर्षांपूर्वी विचारलं होतं. तिच्या ‘लोर्ना’ (१९८३-८४) या व्हिडिओडिस्कवरच्या कलाकृतीत घराबाहेर पडायला घाबरणारी एक बाई टीव्हीसमोर बसून असते. तिच्या हातात रिमोट आणि प्रेक्षकाच्याही हातात रिमोट. शेवटी ती टीव्हीवर गोळी झाडते, जीव देते किंवा लॉस एंजेलिसला निघून जाते. कोणता शेवट वाट्याला येईल हे प्रेक्षकाच्या बोटांवर असतं, त्यामुळे त्याला नामानिराळं राहता येत नाही.

तोच धागा लॉरेन ली मॅकार्थीने टोकाला नेला. ‘लॉरेन’ (२०१७) या प्रयोगात तिने लोकांच्या घरांत कॅमेरे, मायक्रोफोन, दिव्यांची बटणं, दारांची कुलपं बसवली आणि अलेक्सा या आवाजी सहायकाच्या जागी ती स्वतः बसली. दुरून पाहत राहायचं, मागण्याआधी दिवा लावायचा, काय हवं-नको ते ओळखायचं, तेही रात्रंदिवस. ‘समवन’मध्ये (२०१९) तिने ही जागा प्रेक्षकाला दिली. न्यूयॉर्कच्या गॅलरीतल्या लॅपटॉपसमोर बसायचं, अमेरिकेतल्या चार घरांपैकी एकात डोकावायचं आणि तिथून हाक आली की धावायचं. या कामाला २०२० साली आर्स इलेक्ट्रॉनिका या कलामहोत्सवाचा ‘गोल्डन निका’ पुरस्कार मिळाला. सेवा घेणाऱ्याला सेवा देणाऱ्याच्या खुर्चीत बसवणं हीच या कलेची खरी ताकद आहे. दुसऱ्याच्या हाकेकडे कान लावून बसणं म्हणजे काय, हे तिथे अंगावर येतं.

अँजेला वॉश्कोचा ‘द गेम: द गेम’ (२०१८) याच कुळातला. बायका ‘पटवण्याचे’ धडे देणाऱ्या गुरूंची तंत्रं बारमधल्या बाईच्या जागेवरून झेलायला लावणारा हा गेम आहे. रिमिनी प्रोटोकोल या नाट्यसमूहाचा, एका लेखकासारखा हुबेहूब दिसणारा रोबो थक्क करतो, पण प्रेक्षकाला खुर्चीतून हलवत नाही. ‘लव्हप्लस’सारखे प्रेयसीचे गेम म्हणजे निव्वळ माल.

माझं भांडण या मालाशी कमी आणि त्याला कलेचा दर्जा देणाऱ्या आयोजकांशी जास्त आहे. कारण बोलणाऱ्या यंत्रांच्या या क्षेत्राचा पायाच बाईपणाच्या सोंगावर उभा आहे. यंत्र माणूस म्हणून खपेल का हे तपासायला गणितज्ञ ट्युरिंगने १९५० साली मांडलेला अनुकरणाचा खेळ सुरू होतो तो पुरुष कोण आणि बाई कोण हे ओळखण्यापासून. १९६६ साली संगणकशास्त्रज्ञ वायझेनबामने आपल्या संवाद साधणाऱ्या प्रोग्रॅमला शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या एलायझाचं नाव दिलं. मराठी वाचकाला ही एलायझा परकी नाही; त्याच नाटकाच्या पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या रूपांतरात, ‘ती फुलराणी’त (१९७५), भक्ती बर्वेंनी तिला मंजुळा म्हणून उभं केलं. घडवणाऱ्यावर उलटणारा मंजुळेचा संताप हाच त्या नाटकाचा प्राण. यंत्रसख्या बनवणाऱ्यांनी तिची शिकलेली भाषा तेवढी घेतली आणि संताप काढून टाकला. जिला कधी राग येणार नाही, जी थकणार नाही, उठून जाणार नाही अशी बाई विकायला ठेवली. गॅलऱ्या तीच उसनी आणून तिच्यासमोर हळवं व्हायला सांगतात, तेव्हा त्या धंद्याची जाहिरात करत असतात.

म्हणून आपल्या रंगकर्मींना माझी कळकळीची विनंती आहे: या विषयाला हात घाला, पण चॅटबॉट भाड्याने आणू नका. यंत्राच्या जागी जिवंत नटी बसवा, हुकूम सोडायला प्रेक्षकाला लावा आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क तिच्याकडे ठेवा.