मँचेस्टरचा श्रोता

काव्याचा खरा अधिकारी कोण, या प्रश्नास आपल्या साहित्यशास्त्रानें 'सहृदय' हें एकच उत्तर देऊन ठेविलें आहे. परंतु हा सहृदय कवीवर रागावला तर काय करतो, याविषयीं शास्त्रकार फारसें बोलत नाहींत. त्यांच्या कल्पनेंतील रसिक मान डोलावतो, त्याचे डोळे पाणावतात, फार झालें तर तो उठून जातो. तो भर सभेंत कवीला विश्वासघातकी म्हणेल, ही शक्यता त्यांनीं गृहीत धरलेली दिसत नाहीं. अमेरिकन गीतकार व गायक बॉब डिलन याचा १९९८ सालीं प्रसिद्ध झालेला दोन तबकड्यांचा संच ऐकतांना आम्हांस ही उणीव प्रकर्षानें जाणवली. या संचांत गायकाइतकाच श्रोताहि ऐकूं येतो. किंबहुना श्रोत्याचें मत हा त्या ध्वनिमुद्रणाच्या आशयाचाच एक भाग होऊन बसला आहे.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. १७ मे १९६६ रोजीं इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं, फ्री ट्रेड हॉल या सभागृहांत, डिलनचा जलसा झाला. त्याची पंचविशी पुरी होण्यास तेव्हां एक आठवडा उणा होता. हें सभागृहहि साधेंसुधें नव्हे. धान्यावरील जकातीचे कायदे १८४६ सालीं रद्द झाले, त्या चळवळीचें स्मारक म्हणून तें उभारलें गेलें. आणि ज्या मैदानाच्या जागेवर तें उभें राहिलें, तेथेंच १८१९ सालीं सुधारणा मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यांत आलें होतें. १९०५ सालीं याच सभागृहांत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट व ॲनी केनी या दोन स्त्रियांनीं मताधिकाराचा प्रश्न भर सभेंत विचारून तुरुंगाची वाट धरली. अशा वास्तूंत श्रोत्यांतून एखादी आरोळी उठली, तर तिला परंपरेचा आधार नव्हता असें कोण म्हणेल?

जलशाचे दोन भाग होते. कीर्तनाच्या भाषेंत सांगावयाचें तर पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगांत डिलन एकटाच उभा राहून गिटार व माउथ ऑर्गन यांच्या साथीवर सात गीतें म्हणतो, आणि सभागृह तीं निमूटपणें ऐकतें. उत्तररंगांत त्याच्या मागें पांच वादक येतात, विजेवर चालणाऱ्या गिटारी, ऑर्गन, पियानो व ड्रम यांचा कल्लोळ सुरू होतो, आणि आठ गीतें होतात. या वादकांपैकीं चौघे पुढें 'द बँड' या नांवानें स्वतंत्र कीर्तीस चढले. उत्तररंगांत श्रोत्यांची चुळबुळ वाढत जाते. गीतांच्या मधल्या अवकाशांत एका ठेक्यानें, सावकाश टाळ्या पडूं लागतात. इंग्लंडांत अशी टाळी कौतुकाची नसून निषेधाची समजतात. त्यावर डिलन ध्वनिक्षेपकापाशीं तोंड नेऊन कांहींतरी अर्थहीन पुटपुटत राहतो. काय म्हणतो तें कळावें म्हणून लोक गप्प होतात, आणि ते गप्प झाले कीं, तुम्हीं एवढ्या जोरानें टाळ्या वाजविल्या नसत्यात तर बरें झालें असतें, अशा अर्थाचें एक वाक्य तो स्वच्छ उच्चारतो. नाटक कंपनींत मुरलेल्या विनोदी नटासहि याहून चांगली युक्ति सुचली नसती.

शेवटच्या गीतापूर्वीं एक आवाज येतो : "ज्यूडास!" तीस रुपेरी नाण्यांसाठीं येशूला शत्रूच्या हातीं देणाऱ्या शिष्याचें हें नांव, आणि तें कोणाला, तर ज्यू कुटुंबांत जन्मलेल्या गायकाला. ओरडणाऱ्यास एवढा अर्थ अभिप्रेत नसावा. कांहीं लोक हंसतात, कांहीं टाळ्या देतात. डिलन उत्तर देतो कीं, माझा तुझ्यावर विश्वास नाहीं, तूं खोटें बोलतोस. मग, एक असभ्य विशेषण योजून, खूप मोठ्यानें वाजवा असा हुकूम सुटतो, आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' हें गीत एखादा बांध फुटावा तसें सुरू होतें.

या आरोळीवर गेल्या कित्येक वर्षांत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, तिचा अर्थ आतां ठरून गेल्यासारखा वाटतो. काळाच्या पुढें गेलेला प्रतिभावंत आणि मागें राहिलेला अडाणी समाज, असें तें चित्र आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. मँचेस्टरचे श्रोते अडाणी तर नव्हतेच, पण बेसावधहि नव्हते. २५ जुलै १९६५ रोजीं न्यूपोर्ट येथील लोकगीत-महोत्सवांत डिलननें विजेचीं वाद्यें प्रथम घेतलीं, त्याची वार्ता सर्वत्र झाली होती. 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची तबकडी त्याच महिन्यांत निघून अमेरिकेंत व इंग्लंडांत, दोन्हीकडे हातोहात खपली होती. म्हणजे तिकीट काढणाऱ्यास पुढें काय वाढून ठेविलें आहे याची पुरी कल्पना होती. मुलगा बिघडला असें कानांवर आल्यावरहि आई एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्यास जाते, तशांतला हा प्रकार दिसतो.

त्यांचा राग कशावर होता, हें नीट पाहिलें पाहिजे. इंग्लंडांतील लोकगीत-मंडळांतून त्या काळीं गीत ही एक सार्वजनिक ठेव मानली जात असे. मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डचा इवन मॅक्कॉल हा तर त्या मताचा कडवा आचार्यच होता. डिलननें १९६३-६४ च्या सुमारास युद्ध व वर्णभेद यांविरुद्ध लिहिलेलीं गीतें या मंडळींनीं आपलींच मानलीं होतीं. ज्यानें एकट्यानें, लांकडी गिटारीवर, प्रत्येक शब्द ऐकूं येईल अशा रीतीनें तीं म्हटलीं, तोच आतां बाजारी गाण्याच्या गोंगाटांत शिरला, असें त्यांस वाटलें. या आक्षेपांत तथ्य किती? परंपरेचा मुद्दा घेतला तर तो टिकत नाहीं. पंधरा गीतांच्या या जलशांत डिलनचें स्वतःचें नसलेलें, जुन्या लोकपरंपरेंतून आलेलें गीत एकच आहे, 'बेबी, लेट मी फॉलो यू डाउन'. आणि तें नेमकें उत्तररंगांत, विजेच्या वाद्यांसह, येतें! पैशांचा मुद्दा त्याहून दुबळा आहे. ज्याला केवळ विकलें जावयाचें आहे, तो घेऱ्यांत उभा राहून रोज रात्रीं शिव्या खात नाहीं.

आमच्या मतें या श्रोत्यांची खरी चूक निराळीच होती, आणि ती पहिल्या तबकडीवर आहे. 'व्हिजन्स ऑफ जोहाना', 'फोर्थ टाइम अराउंड' व 'जस्ट लाइक अ वूमन' हीं तीन गीतें ज्या 'ब्लाँड ऑन ब्लाँड' या संग्रहांतील आहेत, तो तेव्हां अद्याप प्रसिद्ध व्हावयाचा होता. हीं गीतें त्यांना सर्वस्वीं नवीं होतीं. त्यांत ना युद्ध आहे, ना मजूर, ना न्याय. आहे ती एका जागरण करणाऱ्या मनाची स्वतःशींच चाललेली अस्पष्ट कुजबूज. लोकांचा गायक लोकांना सोडून गेला असेल, तर तो येथें गेला. पण हातांत लांकडी गिटार होती, म्हणून एकहि आवाज उठला नाहीं. पात्र बदलल्यावर ते ओरडले. पात्रांतील पेय त्याआधींच बदललें होतें, तें त्यांनीं आदरानें प्राशन केलें.

असें असलें तरी त्यांच्या बाजूनें एक गोष्ट बोलणें अवश्य आहे, आणि ती आजचे श्रोते सहसा लक्षांत घेत नाहींत. आपण तबकडीवर जें ऐकतों, तें त्या रात्रीं सभागृहांत कोणीहि ऐकलें नाहीं. कंपनीनें जलसा उत्तम सामग्रीनें मुद्रित केला होता. गायकाचा आवाज व वाद्यें यांचें प्रमाण मागाहून जुळवितां आलें. त्यामुळें आपणांस डिलनचा शब्दन् शब्द कानांशीं बोलल्यासारखा ऐकूं येतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचें काय? तें सभागृह हॅले वाद्यवृंदाचें माहेरघर. व्हायोलिनचा बारीक स्वर मागील रांगेपर्यंत घुमत जावा अशी त्याची ख्याति. त्यांत विजेच्या गिटारी व घणासारखे ड्रम घुमले म्हणजे शब्दांची काय अवस्था होत असेल, याचा तर्क कोणासहि करतां येईल. ती आरोळी आपली होती असें पुढें दोघांनीं सांगितलें. त्यांपैकीं एकाचें म्हणणें असें कीं, राग विजेच्या वाद्यांचा नव्हता, वाईट ध्वनियोजनेचा होता. ज्या गायकाची सारी थोरवी शब्दांत, त्याचा शब्दच ऐकूं न येणें ही तक्रार क्षुद्र नाहीं. आपण मात्र शुद्ध प्रत हातीं घेऊन, अशुद्ध प्रत वाचणाऱ्यास हंसत आहों.

आतां गायनाविषयीं. उत्तररंगांतील सर्वच गीतें सारख्या मोलाचीं नाहींत. 'लेपर्ड-स्किन पिल-बॉक्स हॅट' हा एक लांबलेला विनोद आहे. प्रारंभींचें गीतहि शब्दांपेक्षां आवेशावर चालतें. परंतु 'वन टू मेनी मॉर्निंग्ज' ऐकावें. १९६४ च्या संग्रहांत हें गीत एखाद्यानें दार हलकेंच ओढून घ्यावें इतकें मृदु होतें. येथें तेंच गीत थकल्या माणसाच्या हट्टानें म्हटलें जातें. प्रत्येक चरणाच्या शेवटीं स्वर लांबवून तो जणूं श्रोत्यांच्या अंगावर टाकला जातो. चाल बदलली म्हणून दुःख बदललें नाहीं, तें फक्त वयानें वाढलें. आणखी एक जुनें गीत सुरू करण्यापूर्वीं डिलन एवढेंच सांगतो कीं, हें पूर्वीं तसें होतें, आतां असें आहे. टीकाकारांच्या शेंकडों पानांपेक्षां हें समर्थन आम्हांस अधिक पुरेसें वाटतें. 'बॅलड ऑफ अ थिन मॅन' मध्यें तो स्वतः पियानोवर बसतो आणि गार्थ हडसनचा ऑर्गन त्याच्याभोंवतीं उपहासाची नक्षी काढीत राहतो. डोळ्यांपुढें घडणारी गोष्ट न कळणाऱ्या सभ्य गृहस्थाची ही टवाळी. आणि समोर तसेच गृहस्थ बसले आहेत, असें गायकास वाटत असावें. मग लगेच ती आरोळी आली, यांत नवल काय?

या आरोळीचें मोल कळण्यास १९७४ सालचा 'बिफोर द फ्लड' हा संच शेजारीं ठेवून पाहावा. १९६६ च्या जुलैंत मोटारसायकलचा अपघात झाल्यावर डिलननें दौरे सोडले, ते तब्बल १९७४ च्या जानेवारींत पुन्हा धरले. वादक बहुतेक तेच, गीतेंहि कांहीं तींच, गायकाचा आवाज तर पहिल्याहून मोठा. पण विरोध नाहीं. वेष्टनावर छायाचित्र आहे तें अंधारांत हातांतील ज्योती उंच धरलेल्या श्रोत्यांचें. देवळांत आरती चालावी तसें. राष्ट्राध्यक्षाचा उल्लेख असलेला एक जुना चरण येतो, आणि श्रोते एकदम गर्जना करतात. वॉटरगेटचें प्रकरण तेव्हां ऐन भरांत होतें. चरण मात्र निक्सनच्या कारकीर्दीच्या कितीतरी आधीं लिहिला गेला होता. ती दाद गीताला नव्हती. आपण योग्य पक्षाचे आहोंत याबद्दल श्रोत्यांनीं स्वतःलाच दिलेली ती दाद होती. आपल्याकडील संगीत नाटकांच्या 'वन्स मोअर'मध्येंहि पुष्कळदां असाच प्रकार असे, पण तो विषय निराळा. सांगावयाचें तें एवढेंच कीं, १९७४ चें गायन जोरकस असूनहि कोणाला उद्देशून आहे तें कळत नाहीं. मँचेस्टरला समोर एक माणूस होता. त्याला उत्तर द्यावयाचें होतें.

या संचाची ख्याति कशी वाढली, तीहि कथा मौजेची आहे. मँचेस्टरचें मुद्रण १९७० च्या सुमारास चोरट्या तबकड्यांतून बाहेर पडलें तें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नांवानें. वर्षानुवर्षें लोक समजत कीं ती आरोळी लंडनला उठली. पुढें कंपनीनें अधिकृत संच काढला, तेव्हां चूक माहीत असूनहि तेंच नांव अवतरणचिन्हांत घालून कायम ठेविलें, कारण ग्राहक त्याच नांवानें मागणार! मँचेस्टरचे सी. पी. ली यांनीं त्याच वर्षीं या जलशावर स्वतंत्र पुस्तक लिहून स्थळाचा निवाडा पक्का केला; ते स्वतः त्या रात्रीं श्रोत्यांत होते. तेव्हांपासून या संचाविषयींचें मत जवळजवळ एकमुखी आहे, आणि २०१६ सालीं डिलनला नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तर वेगळें बोलण्याची सोयच उरली नाहीं. आम्हीहि त्यास थोर ध्वनिमुद्रण मानतों. परंतु आज त्याची स्तुति करण्यास कांहींच खर्च पडत नाहीं. त्या रात्रीं ओरडणाऱ्यास निदान शेजाऱ्यांच्या वळलेल्या माना सोसाव्या लागल्या असतील.

२०१६ च्या अखेरीस १९६६ मधील दौऱ्याचीं उपलब्ध मुद्रणें छत्तीस तबकड्यांच्या एका संचांत निघालीं, आणि रॉयल अल्बर्ट हॉलमधील २६ मेचा खराखुरा जलसाहि स्वतंत्रपणें बाहेर आला. अभ्यासकांस ही पर्वणीच आहे. इतरांस मँचेस्टरच्या दोन तबकड्या पुरेत. मात्र त्या क्रमानें ऐकाव्या. प्रसिद्ध आरोळीच्या ओढीनें एकदम दुसरी तबकडी लावण्याचा मोह होतो, आणि मग पहिलीवरील ती दीर्घ, विश्वासू शांतता ऐकावयाची राहून जाते. त्या रात्रीं ज्यांनीं ना ठेक्यांत टाळी दिली, ना आरोळी, असे श्रोतेहि सभागृहांत थोडे नसतील. त्यांचें मत ऐकूं येण्यासारखी जागा या दोन तबकड्यांत तेवढी एकच आहे.